विश्लेषण : लांबलचक इंग्रजी शब्द नेमका कुठे तोडायचा? नोआ वेबस्टर यांनी काय बदलले?

‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस’ हा शब्द इंग्रजीत लिहायला ४५ अक्षरे लागतात. अत्यंत बारीक सिलिकाची धूळ श्वासावाटे आत गेल्याने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराचे हे नाव. डॉक्टर मात्र सरळ ‘सिलिकोसिस’ म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेतील शब्दकोड्यांच्या शौकिनांनी मुद्दाम लांब म्हणून हा शब्द घडवला आणि पुढे तो मोठ्या शब्दकोशात जाऊन बसला. असा शब्द समोर आला की वाचणारा आधी त्याचे तुकडे पाडतो, मग कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा ते शोधतो. हे तुकडे कुठे पाडायचे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावर अमेरिकेतील एका पंचविशीच्या मास्तराने १७८३ मध्ये जुन्या पुस्तकांशी वाद घातला. त्या मास्तराचे नाव नोआ वेबस्टर. पुढे शब्दकोशकार म्हणून ते जगाला माहीत झाले, पण त्यांच्या कामाची सुरुवात शब्द तोडण्यापासून झाली होती.

सिलेबल आणि आघात म्हणजे काय?

एका स्वराभोवती, एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा म्हणजे सिलेबल. मराठी भाषाशास्त्रात यालाही ‘अक्षर’ म्हणतात, पण लिपीतले अक्षर आणि उच्चारातले अक्षर यांत गल्लत होते, म्हणून येथे सिलेबल हाच शब्द वापरला आहे. देवनागरीत वाचणाऱ्याला शब्दाचे तुकडे फारसे शोधावे लागत नाहीत, कारण लिपीच स्वरासकट अक्षर दाखवते. इंग्रजीत तसे नाही. एकच स्वराक्षर कधी दीर्घ, कधी ऱ्हस्व, तर कधी पूर्ण मुके असते. त्यामुळे व्यंजन आधीच्या स्वराला चिकटवायचे की पुढच्या, हे ठरवल्याशिवाय नवखा वाचक अडखळतो.

दुसरी अडचण आघाताची. इंग्रजीत एका सिलेबलवर जोर पडतो आणि बाकीची सिलेबले दबतात. मराठीत कोणत्या अक्षरावर जोर दिला याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून मराठी माणसाला हे पटकन जाणवत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर असतो. ‘फटॉग्रफी’ म्हणताना तो दुसऱ्यावर जातो आणि ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर. मूळ शब्द तोच, पण जोर सरकला की स्वरही बदलतात. लांब आणि अनोळखी शब्दात हा जोर कुठे आहे हे चुकले, तर ऐकणाऱ्याला तो शब्दच कळत नाही.

नोआ वेबस्टर कोण होते?

वेबस्टर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी कनेक्टिकटमधील हार्टफर्डच्या पश्चिम भागातला. वडील शेतकरी. मुलाची अभ्यासाची ओढ पाहून त्यांनी शेत गहाण टाकले आणि १७७४ मध्ये त्याला येल कॉलेजात पाठवले. शिक्षण चालू असतानाच अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. पदवी १७७८ मध्ये मिळाली, तेव्हा घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. वडिलांनी आठ डॉलरची कागदी नोट हातात ठेवली आणि यापुढे स्वतःचे स्वतः पाहावे लागेल, असे सांगितले. युद्धकाळात त्या नोटेची खरी किंमत फारच थोडी उरली होती.

वकील व्हायचे होते, पण पोटासाठी शाळा शिकवणे भाग होते. दिवसा मुलांना शिकवून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १७८१ मध्ये वकिलीची परीक्षाही दिली, पण अशिले मिळेनात. पुन्हा शाळाच धरावी लागली. त्या काळच्या शाळा म्हणजे एकाच खोलीत कोंबलेली सर्व वयांची मुले, अपुरी बाके आणि इंग्लंडमधून आलेली पुस्तके. १७८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील गोशेन या गावी शिकवत असताना वेबस्टर यांनी स्वतःचे स्पेलिंगचे पुस्तक लिहायला घेतले. त्याचा पहिला भाग १७८३ मध्ये हार्टफर्ड येथे छापला गेला.

जुन्या पुस्तकात त्यांना काय खटकत होते?

शाळांमध्ये तेव्हा टॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचे पुस्तक चालत असे. ते १७४० मध्ये लंडनमध्ये निघाले होते आणि अमेरिकेतही पुन्हा पुन्हा छापले जात होते. त्यात शब्द तोडण्याची पद्धत जुन्या व्याकरणाच्या धर्तीवर होती. दोन स्वरांच्या मधले व्यंजन शक्यतो पुढच्या स्वराला जोडायचे, असा तो नियम. त्यामुळे ‘हॅबिट’ हा शब्द ‘ह’ला जोडलेला ‘ए’ आणि मग ‘बिट’ असा तुटायचा. मूल पहिला तुकडा ‘हे’ असा वाचायचे आणि ‘हे-बिट’ म्हणायचे. ‘क्लस्टर’मधला ‘एस’ पुढच्या तुकड्यात गेला की पहिला तुकडा ‘क्लू’ होऊन बसायचा. मग मास्तरांनी दुरुस्त करायचे आणि मुलाने पाठ करायचे. पुस्तक एक सांगे, कान दुसरेच ऐकत असे.

शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘शन’चा घोळ याहून मोठा होता. ‘नेशन’ हा शब्द जुन्या पुस्तकात तीन तुकड्यांत मोजला जाई, कारण लॅटिन वळणाच्या लिखाणात तेथे दोन स्वर दिसतात. बोलताना मात्र कोणीही तीन तुकडे करत नव्हते. शेतकऱ्याच्या मुलाला लॅटिन येत नव्हते आणि पुढे शिकायचेही नव्हते. वर्षातले थोडे महिने शाळेत येणाऱ्या त्या मुलाने न बोलला जाणारा उच्चार आधी शिकायचा आणि मग विसरायचा, हा उलटा व्यवहार वेबस्टर यांना मान्य नव्हता.

वेबस्टर यांचा नियम काय होता?

नियम साधा होता. शब्द असा तोडायचा, की तुकडे सलग वाचले तर योग्य उच्चार आपोआप तोंडी यावा. स्वर ऱ्हस्व असेल तर पुढचे व्यंजन त्याच्याच तुकड्यात ठेवायचे : हॅब-इट, क्लस-टर. स्वर दीर्घ असेल तर तुकडा स्वरावर संपवायचा : बे-कर. ‘शन’ आणि ‘झन’ यांसारखी शेपटे एकसंध धरायची. म्हणजे ‘नेशन’चे तुकडे दोनच.

पुस्तकाची रचनाही या नियमाला धरून होती. आधी मुळाक्षरे, मग एकेका व्यंजनाला सगळे स्वर जोडून केलेल्या ओळी. मराठी वाचकाला ही रचना बाराखडीची आठवण करून देईल. त्यानंतर एका सिलेबलचे शब्द, मग दोनाचे, तीनाचे, चाराचे, अशी चढती पायरी. मुके अक्षर वेगळ्या वळणाच्या टाइपात आणि स्वराच्या प्रकारासाठी डोक्यावर बारीक आकडे. दोन सिलेबलच्या शब्दांची यादी ‘बेकर’ या शब्दाने सुरू होत असे. मूल ‘बेकरपर्यंत पोहोचले’ म्हणजे एक टप्पा पार झाला, असे पुढे अमेरिकेत घरोघरी म्हटले जाऊ लागले.

टीका व्हायचीच होती. १७८४ मध्ये ‘डिलवर्थचे भूत’ या टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे आली आणि त्यांत वेबस्टर यांच्या पुस्तकावर कडक हल्ला चढवला गेला. तरुण लेखकानेही तेवढ्याच तिखटपणे उत्तरे दिली. वेबस्टर यांचा स्वभाव मुळात नमते घेण्याचा नव्हता. त्या वादातून पुस्तकाची जाहिरातच झाली.

आघाताबद्दल त्यांनी काय केले?

सिलेबल मोजून भागत नाही हे शिकवण्याच्या अनुभवातून त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी शब्दांच्या याद्या आघाताच्या जागेनुसारही वेगळ्या केल्या. तीन सिलेबलचे, पहिल्यावर जोर असलेले शब्द एका तक्त्यात, दुसऱ्यावर जोर असलेले दुसऱ्या तक्त्यात. एका तक्त्यातले शब्द ओळीने म्हणत गेले की ठेका कानात बसतो आणि त्याच ठेक्याचा नवा शब्द आला तरी मूल चुकत नाही. कवितेची चाल पाठ झाली की नवी ओळही त्याच चालीत म्हणता येते, तसेच हे.

लांब शब्दांत एकच जोर पुरत नाही, हेही त्यांनी पकडले. चार सिलेबलच्या काही शब्दांसाठी पहिल्यावर पूर्ण आघात आणि तिसऱ्यावर अर्धा आघात, असे स्वतंत्र तक्ते त्यांच्या पुस्तकात आहेत. आजच्या परिभाषेत त्यांना मुख्य आणि दुय्यम आघात म्हणतात. ‘सेक्रेटरी’ हा शब्द इंग्रज माणूस शेवटचे तुकडे गिळून ‘सेक्रट्री’ असा म्हणतो, अमेरिकी माणूस मात्र ‘सेक्रटेरी’ असा चारही तुकडे मोकळे ठेवून म्हणतो. अमेरिकी उच्चाराच्या या सवयीचे काही श्रेय शाळेत सिलेबल सुटे करून मोठ्याने म्हणण्याच्या पद्धतीला भाषा-अभ्यासक देतात.

पुस्तक गाजले, मग पैसा का मिळाला नाही?

पहिल्या ५,००० प्रती वर्षाच्या आत संपल्या. १७८७ मध्ये पुस्तकाला ‘अमेरिकन स्पेलिंग बुक’ हे नाव मिळाले. निळ्या वेष्टनामुळे लोक त्याला निळ्या पाठीचे पुस्तकच म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. अमेरिकेत बायबलखालोखाल जी पुस्तके घरात असत, त्यांत हे होते.

मात्र १७८३ मध्ये अमेरिकेत लेखकाच्या हक्काचा देशव्यापी कायदाच नव्हता. कोणीही मुद्रक कोणाचेही पुस्तक छापू शकत असे. वेबस्टर यांनी पुस्तक निघण्याआधीपासूनच राज्याराज्यांच्या विधिमंडळांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. कनेक्टिकटने १७८३ मध्ये कायदा केला, इतर राज्ये मागोमाग आली. १७८५ मध्ये ते दक्षिणेकडील राज्यांच्या दौऱ्यावर निघाले आणि माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांना भेटले. खिशात पैसे नव्हते, म्हणून बाल्टिमोरमध्ये त्यांनी गाण्याचे वर्ग चालवले आणि भाषेवर तिकीट लावून व्याख्याने दिली. १७९० मध्ये संघराज्याचा कॉपीराइट कायदा झाला. पुढे १८३१ मध्ये हक्काची मुदत वाढवणारा कायदा झाला, तेव्हाही सत्तरी ओलांडलेले वेबस्टर वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले होते.

एवढे करूनही लाभ मोठा झाला नाही. १७८९ मध्ये रिबेका ग्रीनलीफ यांच्याशी लग्न झाले, पुढे आठ मुले झाली. घरखर्चाची निकड आली, की ते ठरावीक रक्कम घेऊन छपाईचे हक्क प्रकाशकांना देऊन टाकत. दर प्रतीमागे त्यांच्या हाती एक सेंटही पडत नसे. उत्पन्नासाठी त्यांनी वकिली करून पाहिली. १७९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दैनिक काढले आणि काही वर्षे राजकीय रणधुमाळीत घालवली. १७९८ मध्ये ते सगळे मागे टाकून न्यू हेवनला राहायला गेले.

हे पुस्तक कोणाकोणाच्या हाती पोहोचले?

शिक्षक नसतानाही वापरता येणे, ही या पुस्तकाची खरी ताकद होती. तुकडे पाडलेले आणि जोराची जागा कळणारी, म्हणून ज्याला मुळाक्षरे येतात तो स्वतः पुढे जाऊ शकत असे. ज्या लोकांना शाळेचे दार बंद होते, त्यांना याचा सर्वाधिक उपयोग झाला.

गुलामीत जन्मलेले आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे थोर नेते झालेले फ्रेडरिक डग्लस हे त्यांतले ठळक उदाहरण. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली आणि मालकाने ते शिकणे बंद पाडले. लहानग्या डग्लस यांनी मग रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांशी मैत्री करून त्यांच्याकडून धडे घेतले. वेबस्टर यांचे स्पेलिंग बुक ते जवळ बाळगत आणि त्यातली तिरकी छापील अक्षरे पुन्हा पुन्हा गिरवून लिहायला शिकले. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शाळांतही हेच पुस्तक होते.

यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. वेबस्टर यांनी १७९३ मध्ये गुलामगिरीचे दुष्परिणाम सांगणारा निबंध लिहिला होता, पण उतारवयात ते गुलामगिरी तातडीने संपवू पाहणाऱ्या चळवळीवर नाराज होते. सामान्य मतदारावरही त्यांचा विश्वास उरला नव्हता. सर्वांना वाचता यावे म्हणून आयुष्य वेचणारा हा माणूस, वाचायला शिकलेले लोक पुढे काय मागतील याला बिचकत होता. त्यांचे पुस्तक मात्र ते विचारत बसले नाही.

स्पेलिंग बदलण्याचा प्रयत्न कितपत यशस्वी झाला?

उच्चार आणि लिखाण यांतले अंतर कमी करायचे, तर तुकडे पाडून पुरेसे नाही, स्पेलिंगच बदलले पाहिजे, असे वेबस्टर यांना पुढे वाटू लागले. बेंजामिन फ्रँकलिन यांनाही अशा सुधारणेची हौस होती. वेबस्टर यांनी १७८९ मध्ये भाषेवरील आपल्या व्याख्यानांचे पुस्तक काढले, ते फ्रँकलिन यांनाच अर्पण केले. त्यानंतर त्यांनी ‘टंग’, ‘विमेन’ असे अनेक शब्द बोलतात तसे लिहून पाहिले. लोक हसले. ती स्पेलिंगे टिकली नाहीत.

१८०६ मध्ये त्यांनी सुमारे ३७,००० शब्दांचा छोटा कोश काढला, तेव्हा हात आखडता घेतला. ‘कलर’मधला ‘यू’ गाळणे, ‘म्युझिक’च्या शेवटचा ‘के’ काढणे, ‘सेंटर’च्या शेवटी ‘ई-आर’ लिहिणे असे बेताचे बदल त्यांनी ठेवले किंवा उचलून धरले. आज अमेरिकी आणि ब्रिटिश स्पेलिंगमध्ये जो फरक दिसतो, त्यातला बराचसा येथून रूढ झाला. लोकांनी थोडे स्वीकारले, फार नाकारले. भाषेत एकट्याचा हुकूम चालत नाही, हे वेबस्टर यांना पटायला वेळ लागला.

मोठा शब्दकोश कसा तयार झाला?

मोठ्या कोशाची घोषणा त्यांनी १८०० मध्ये केली, तेव्हा वृत्तपत्रांनी खिल्ली उडवली. अमेरिकी माणसाची वेगळी भाषा आहे कुठे, असा टीकाकारांचा सूर होता. खर्च झेपेना, म्हणून १८१२ मध्ये ते न्यू हेवन सोडून ॲमहर्स्ट या स्वस्ताईच्या गावी गेले. तेथे कॉलेज उभे करण्यातही त्यांचा हात होता. घरी अर्धगोल आकाराचे मोठे टेबल होते. त्यावर निरनिराळ्या भाषांचे कोश ओळीने मांडलेले असत आणि वेबस्टर एकेका शब्दाचा माग काढत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत. व्युत्पत्तीसाठी त्यांनी सुमारे वीस भाषा तुलनेला घेतल्या.

मात्र येथेच त्यांचे मोठे नुकसान झाले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडला होता. त्यावरून जर्मन अभ्यासकांनी ध्वनिबदलाचे नियम बसवले. वेबस्टर यांनी ती वाट धरली नाही. सर्व भाषा बायबलमधल्या एका आदिभाषेतून फुटल्या, या समजुतीवर त्यांनी व्युत्पत्ती रचल्या आणि त्यांतल्या अनेक चुकीच्या ठरल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १८६४ च्या आवृत्तीत एका जर्मन विद्वानाकडून हा भाग नव्याने लिहून घ्यावा लागला. कानावर विसंबून त्यांनी जे केले ते टिकले, आणि ऐकता न येणाऱ्या काळाबद्दल जो तर्क केला तो कोसळला.

१८२४ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, मुलाला बरोबर घेऊन ते युरोपला गेले. पॅरिसच्या राजग्रंथालयात काम करून पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे राहिले. तेथे जानेवारी १८२५ मध्ये शेवटच्या शब्दाची नोंद पूर्ण झाली, तेव्हा त्यांचा हात थरथरू लागला. खोलीत काही वेळ येरझारा घातल्यावर ते शांत झाले. १८२८ मध्ये दोन खंडांचा कोश निघाला. शब्द ७०,०००, अमेरिकेतील प्रती २,५००, किंमत २० डॉलर. शीर्षशब्दावर आघाताची खूण होती आणि ती स्वरानंतर आहे की व्यंजनानंतर, यावरून स्वर दीर्घ की ऱ्हस्व हेही कळत असे. निळ्या पुस्तकातला जुना नियम कोशातही असा उतरला.

एवढी किंमत सामान्य माणसाला परवडणारी नव्हती आणि प्रती सावकाश खपल्या. १८४१ मध्ये सुधारित आवृत्ती काढण्यासाठी ऐंशी ओलांडलेल्या वेबस्टर यांना घर गहाण टाकावे लागले. मुलाच्या शिक्षणासाठी वडिलांनी शेत गहाण टाकले होते, मुलाने शब्दांसाठी घर टाकले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील मेरियम बंधूंनी न खपलेल्या प्रती आणि हक्क विकत घेतले. त्यांनी १८४७ मध्ये एकाच खंडात, सहा डॉलरला नवी आवृत्ती काढली आणि ती धडाक्याने खपली.

मग ४५ अक्षरी शब्दाचे तुकडे कसे पडतात?

आता सुरुवातीच्या शब्दाकडे वळू. पहिली पायरी म्हणजे घटक ओळखणे. ‘न्यूमोनो’ म्हणजे फुप्फुस, ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडचे, मग ‘मायक्रोस्कोपिक’, ‘सिलिको’, ‘व्हॉल्केनो’ आणि शेवटी ‘कोनिओसिस’ म्हणजे धुळीने होणारा विकार. सुरुवातीचा ‘पी’ मुका आहे. दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक घटकातले स्वर मोजणे, कारण जितके उच्चारलेले स्वर तितकी सिलेबले. तिसरी पायरी म्हणजे वेबस्टर यांचा नियम : ऱ्हस्व स्वराने पुढचे व्यंजन आपल्याकडे ठेवावे.

अशाने तुकडे पडतात ते असे : न्यू-मो-नो-अल-ट्रा-माय-क्रो-स्कॉप-इक-सिल-इ-को-व्हॉल-के-नो-को-नि-ओ-सिस. एकूण १९. ‘स्कॉप’मधला ‘प’ आणि ‘सिल’मधला ‘ल’ आधीच्या तुकड्यात राहिले, कारण तेथील स्वर ऱ्हस्व आहेत.

शेवटची पायरी आघाताची. लांब शब्दात मुख्य जोर बहुधा शेवटचा प्रत्यय ठरवतो. ‘ओसिस’ने संपणाऱ्या रोगांच्या नावांत तो ‘ओ’वर पडतो. म्हणून येथे १८ व्या तुकड्यावर मुख्य आघात आहे. ‘स्कॉप’, ‘सिल’, ‘के’ यांवर दुय्यम आघात येतात. ‘शन’ने संपणाऱ्या शब्दात जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर असतो आणि ‘इक’ने संपणाऱ्या बहुतेक शब्दांतही तसेच. प्रत्यय पाहायचा, जोराची जागा पकडायची आणि तेथून मागे मोजत यायचे, ही युक्ती बहुतेक अनोळखी शब्दांना चालते.

शब्दकोशातले ठिपके म्हणजे सिलेबलच का?

नेहमीच नाही. इंग्रजी कोशात शीर्षशब्दाच्या मध्ये दिसणारे ठिपके छापील ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येईल ते सांगतात. ओळीच्या शेवटी एकच अक्षर सुटे ठेवणे वाईट दिसते, म्हणून काही खऱ्या सिलेबलच्या जागी ठिपका नसतो. उच्चाराचे तुकडे पाहायचे असतील तर शेजारी दिलेले उच्चारलेखन पाहावे. आघाताची खूणही तेथेच असते.

ठिपक्यांच्या जागेतही दोन घराणी आहेत. ब्रिटिश छपाईत शब्दाचे घटक अखंड ठेवण्याकडे कल असतो, म्हणून ‘डेमो-क्रसी’. अमेरिकेत उच्चाराकडे पाहतात, म्हणून ‘डेमॉक-रसी’. दुसऱ्या रीतीमागे वेबस्टर यांची परंपरा आहे. वाद आजही मिटलेला नाही. भाषाशास्त्रातला एक मतप्रवाह म्हणतो, की व्यंजने शक्य तितकी पुढच्या स्वराला द्यावीत. तो डिलवर्थ यांच्या जुन्या नियमाच्या जवळ जातो. दुसरीकडे, १९९० मध्ये उच्चारकोश काढणारे ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांच्या मते व्यंजन अधिक जोर असलेल्या सिलेबलकडे ओढले जाते. तसे पाहिले तर ‘हॅब-इट’ हेच बरोबर ठरते.

आज वेबस्टर यांचे काय उरले आहे?

सिलेबल सुटे करत मोठ्याने स्पेलिंग म्हणण्याच्या शाळांमधल्या स्पर्धांतूनच अमेरिकेची स्पेलिंग बी उभी राहिली. राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून होते आणि तिचा अधिकृत आधार मेरियम-वेबस्टर यांचा बृहत्कोश आहे. २०१९ मध्ये आठ स्पर्धक संयुक्त विजेते ठरले, त्यांतील सात भारतीय वंशाचे होते. शब्द समोर आला की ही मुले उच्चार पुन्हा विचारतात, मूळ भाषा विचारतात आणि तुकड्या-तुकड्याने शब्द बांधत जातात. गोशेनच्या शाळेतल्या मुलांकडून वेबस्टर यांना हेच हवे होते.

वेबस्टर हे नाव मात्र कोणाच्या एकट्याच्या मालकीचे राहिले नाही. जुन्या कोशांच्या हक्काची मुदत संपल्यावर अमेरिकी न्यायालयांनी ते नाव सर्वांना खुले ठरवले. आज कोणताही प्रकाशक आपल्या कोशावर ‘वेबस्टर’ छापू शकतो. मेरियम यांच्या कंपनीला म्हणूनच दोन्ही नावे जोडून वापरावी लागतात. लेखकाच्या हक्कासाठी राज्याराज्यांत फिरलेल्या माणसाचे नावच सार्वजनिक झाले. इंग्रजीत वेबस्टर म्हणजे शब्दकोश, इतका तो शब्द रुळला आहे. तो तोडायचा असेल तर तुकडे दोन आणि जोर पहिल्यावर : वेब-स्टर. त्यातला ‘एस’ कोणत्या तुकड्यात ठेवायचा याचा निवाडा, त्यांच्याच नियमाप्रमाणे, कानाने करायचा.